सुषमा प्रिंटर झाली

सुरतबाहेर, कडोदऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये सोनाली पावसाळ्यात कामाला लागली. तेव्हापासून दिवाळीपर्यंत मिल एकदाही थांबलेली तिने पाहिली नव्हती. साड्यांचे तागे दिवसा रंगत आणि रात्रीही रंगत. माल केव्हाही तयार होई, म्हणून ऑफिसही कधी पुरतं बंद होत नसे. माल कोणाचा, किती, ते लिहिलेल्या चलनाशिवाय एकही टेम्पो फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा कुंदनभाई शेठचा कडक नियम होता.

ही चलनं पूर्वी प्रेसमधून छापून येत. जाड पुस्तकं, वर मिलचं नाव, खाली चौकटी. चौकटीत पार्टीचं नाव, ताग्यांचा आकडा आणि टेम्पोचा नंबर हेमराजभाई हाताने भरत. हेमराजभाई डिस्पॅचचे जुने माणूस. कुंदनभाई अर्ध्या चड्डीत मिलमध्ये यायचे, तेव्हापासून ते त्याच खुर्चीत होते.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्याच्या मागोमाग लेझर प्रिंटर आला आणि त्या दोघांच्या मागोमाग सोनाली आली. तिचे वडील लोटू उधन्याला लूमवर कामाला. तिने मराठी शाळेतून दहावी केली आणि रिंग रोडला कॉम्प्युटरचा कोर्स केला. मिलमध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या ध्यानात आलं की पुस्तकं छापून घ्यायची गरजच नाही. तिने जुन्या चलनावर बटरपेपर ठेवून चौकट उतरवून घेतली, फूटपट्टीने एकेक रेघ मोजली आणि तशीच चौकट कॉम्प्युटरवर काढली. प्रिंटर विकणाऱ्या दुकानातून अमित नावाचा मुलगा आला आणि त्याने ती चौकट प्रिंटरच्या पोटात घातली. तो तिला ओव्हरले म्हणे. एकदा आत गेली की प्रिंटर ती लक्षात ठेवतो. मग ट्रेमध्ये कोरे कागद ठेवायचे आणि कॉम्प्युटरने फक्त नाव, आकडा, नंबर एवढंच धाडायचं. प्रिंटर स्वतःच आधी चौकट मांडतो आणि तिच्यावर मजकूर बसवतो. कागद बाहेर येतो तो भरलेलं चलन होऊनच.

सगळ्यांना नवल वाटलं. हेमराजभाईंना तेवढं पटलं नाही.

"बेन, कोऱ्या कागदावर माल नाही पाठवत कोणी," ते म्हणाले.

"काका, बाहेर येतो तेव्हा कुठे कोरा असतो?"

"आत जातो तेव्हा तर असतो ने!"

कुंदनभाई हसले. पण ते व्यापारी माणूस. नवीन वर्षाची पुस्तकं मागवायची वेळ आली तेव्हा त्यांनी सोनालीला बोलावलं.

"सोनालीबेन, तुमच्यावर विश्वास ठेवून मी प्रेसला नाही म्हणतो. दिवाळीनंतर लाभपाचमीला मिल उघडली की मुहूर्ताचं पहिलं चलन या प्रिंटरवर निघेल. नीट निघालं की तुमची जागा पक्की. नाही निघालं तर पुस्तकं मागवू. आणि पुस्तकं भरायला हेमराजभाई आहेतच, त्यासाठी कॉम्प्युटरवाली नको."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, धमकीही नव्हती. म्हणूनच ते खरं होतं.

धनतेरसच्या संध्याकाळी मिल थांबली. मशिनं गप्प झाली तसं सोनालीला आपले कान बसल्यासारखे वाटले. शिपाई दगाबाबाने सगळीकडे फिरून शेवटी मेन स्विच खाली ओढला, त्याला हात जोडले आणि कुलूप लावलं.

भाऊबीजेला सकाळी सोनाली फराळाचा डबा घेऊन सुनंदाबाईंकडे गेली. सुनंदाबाई तिच्या प्राथमिक शाळेतल्या बाई. निवृत्त झाल्या, पण शिकवणं सुटलं नव्हतं. उधन्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत रोज सकाळी खानदेशातून आलेल्या लूमवाल्यांची पोरं जमत. सुट्टी असली तरी जी गावाला गेली नव्हती ती यायचीच. शाळेने मोडीत काढलेला एक फळा बाईंनी मागून आणला होता. तो भिंतीशी उभा असे.

बाईंच्या घरचा एक रिवाज होता. आलेल्या पाहुण्याने पोरांना काहीतरी शिकवल्याशिवाय उठायचं नाही. पोस्टमनने शिक्का कसा मारतात ते शिकवलं होतं. गॅसवाल्याने नळीला साबणाचा फेस लावून गळती कशी बघतात ते दाखवलं होतं. एक जावई आले, त्यांना काहीच सुचेना, तर बाईंनी त्यांच्याकडून बुटाची गाठ शिकवून घेतली.

"ये सोनाली. लाडू नंतर. आधी फळ्याकडे," बाई म्हणाल्या.

सोनालीला विषय शोधावा लागला नाही. फळ्यावर वरच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेलं होतं: इयत्ता, वार, दिनांक, पट, हजर. प्रत्येक शब्दापुढे रिकामी जागा.

"हे शब्द बाई रोज लिहितात का?" तिने विचारलं.

"नाही!" पोरं ओरडली. "ते रंगवेल शे!"

"आणि वार? हजर किती?"

"ते खडूने!"

"बस्स. आमच्या ऑफिसातला प्रिंटर असाच आहे. चौकट त्याच्या पोटात एकदाच घातली. रोज बदलतं तेवढंच आपण पाठवायचं." तिने वाराच्या पुढे खडूने वार लिहिला, पुसला, दुसरा लिहिला. पेंटची अक्षरं होती तशीच राहिली. पोरांना मजा वाटली. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेच जुनं हसू होतं, पाढा न अडखळता म्हटला की दिसायचं ते.

पुढे बसलेली सुषमा तिसरीतली. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. तिने बोट वर केलं.

"ताई, लाइट गयी तर?"

"लाइट गेली तर कॉम्प्युटर बंद पडतो. आली की लावायचा."

"तसं नही. प्रिंटरना पोटमा चौकट शे ना, ती रंगनी शे का खडूनी?"

खडू सोनालीच्या बोटांत फिरायचा थांबला.

अमित जाताना काहीतरी म्हणाला होता. बंद नका करू, असं काहीतरी. तिने ऐकलं होतं, पण मिल कधी बंदच होत नाही तर त्याचं काय, असं वाटून सोडून दिलं होतं. आणि आता दगाबाबाने मेन स्विच खाली ओढला होता. हात जोडून.

"खडूची," ती हळूच म्हणाली. "खडूची आहे गं. पुसली गेली."

पोरांना वाटलं हाही धड्याचाच भाग आहे. बाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी पोरांना लाडू वाटायला बसवलं आणि सोनालीला आतल्या खोलीत नेलं. सोनालीने सगळं सांगितलं: प्रेसला दिलेला नकार, लाभपाचम, पक्की जागा.

"परत घालता येते ना ती चौकट?" बाईंनी विचारलं.

"येते. चौकटीची फ्लॉपी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पण ती आत घालायचे हुकूम अमितने दिले होते. तो अकोल्याला गेलाय, पाचमीनंतरच येईल."

"तू तेव्हा कुठे होतीस?"

"तिथेच. बघितलं मी."

"बघितलं म्हणजे आलं का?"

शाळेतही बाई असंच विचारायच्या. आवाज न चढवता, उत्तराची वाट बघत. सोनालीने नकारार्थी मान हलवली.

"मग येऊ दे आता," बाई म्हणाल्या. "दिवस आहेत हातात. त्या मशिनचं पुस्तक असेल ना काही?"

दुसऱ्या दिवशी सोनाली मिलवर गेली. फाटकात दगाबाबा खाटेवर बसून शेव खात होता. तो मूळचा शिरपूरकडचा. सोनालीशी तो घरची अहिराणीच बोले.

"माय, सणसूदना दिवस, आनि तू आठे?"

तिने अडचण सांगितली. थोडा वेळ मेन चालू करून प्रिंटर लावून बघता येईल का, असं विचारलं.

दगाबाबाने शेवेचा पुडा बाजूला ठेवला. "चावी मनाकडे शे. पन पाचमना मुहूर्तना आधी बटन दाबता येत नही. शेठनी सांगेल शे. बटन दाबं ना, तर मुहूर्त तठेच झाया, मंग पूजा कसानी करतीन?"

हे खरंच होतं. नव्या वर्षाचं काम ज्या क्षणी सुरू व्हायचं, त्याआधी काहीच सुरू करायचं नाही. सगळी सुरत त्या दिवसांत शटर खाली ओढून बसलेली असते. सोनालीने आग्रह केला नाही.

"निदान कपाटातलं पुस्तक देता?"

"पुस्तक ली जाय," तो उठत म्हणाला. "पुस्तकले मुहूर्त नही."

पुस्तक इंग्रजी होतं आणि जाडजूड होतं. सोनाली ते घेऊन तडक बाईंकडे आली. बाईंना प्रिंटरमधलं काही कळत नव्हतं, इंग्रजीही बेताचंच. पण पुस्तक कसं शिकायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"एक ओळ वाच. आता मीट पुस्तक. काय म्हणाली ओळ?"

सोनाली सांगे. अडखळली की बाई पुस्तक उघडू देत, पुन्हा मिटायला लावत. दुपारपर्यंत चार गोष्टी हाताला लागल्या. पहिला हुकूम: आता जे येईल ते छापू नकोस, लक्षात ठेव, त्याचं नाव एक. त्यानंतर चौकट धाडायची. मग दुसरा हुकूम: थांब, चौकट संपली. आणि तिसरा: लाइट असेपर्यंत हे विसरू नकोस. एवढं झालं की पुढचं चलनाचा प्रोग्राम आपणच करतो, प्रत्येक कागदाच्या आधी "एक नंबर मांड" असं सांगतो. प्रत्येक हुकूम म्हणजे चार-पाच चिन्हांची एक ओळ. सोनालीने त्या पाठ केल्या.

"पाठ झालं," बाई म्हणाल्या. "पण मशीन नाही, तर करून कशावर बघायचं?"

पोरं दारात घुटमळत होतीच. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना सुचलं.

"सुषमा, इकडे ये. तू प्रिंटर."

सुषमाच्या हातात पाटी दिली. दुसऱ्या एका पोराला लाइट केलं. त्याने मनाला येईल तेव्हा "लाइट गयी!" म्हणून ओरडायचं आणि प्रिंटरने लगेच पाटी पुसायची. सोनालीने हुकूम द्यायचे. सांगितलं तेवढंच करायचं, मनाने काही करायचं नाही, अशी बाईंनी प्रिंटरला ताकीद दिली. सुषमा ताठ बसली आणि तोंडाने घूंऽऽ असा आवाज करू लागली.

"आवाज कशाला?" बाई म्हणाल्या.

"चालू शे ना मी!"

पहिल्या खेपेला सोनालीने "लक्षात ठेव" म्हटलं, चौकटीतले शब्द सांगितले, सुषमाने पाटीवर चौकट काढून शब्द लिहिले. मग सोनाली म्हणाली, "आता पार्टीचं नाव, पुष्पाबाई लाडूवाल्या. तागे, दहा. छाप आणि दे इकडे." सुषमाने पुष्पाबाईही लिहिल्या, लाडूही लिहिले, दहाही लिहिले, पण पाटी काही पुढे करेना.

"अगं, दे की!"

"का दिऊ? तू थांब म्हनीच नही. मी लक्षात ठेवतच ऱ्हायनू."

पोरं खिदळली. सोनालीने कपाळावर हात मारून घेतला.

"मग आता थांब."

"थांबनू." सुषमाने पाटी तिच्याकडे वळवून दाखवली. "पन आते पुष्पाबाई चौकटमाच ग्यात. आते रोज येतीन."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "बरोबर आहे तिचं. एकदा आत गेल्या तर प्रत्येक चलनावर पुष्पाबाई. आता काय करशील?"

"पाटी पुसायची," सोनाली म्हणाली. "पुसायची आणि पहिल्यापासून."

ते दोन दिवस असेच गेले. लाइट वेळी-अवेळी जाई, कारण लाइट झालेल्या पोराला फारच अधिकार मिळाला होता. सोनाली दर वेळी न चिडता पहिल्यापासून सांगे. चवथीच्या संध्याकाळी ती जायला निघाली तेव्हा बाईंनी डब्यात चिवडा भरून दिला.

"काळजी वाटते?"

"वाटते, बाई."

"वाटू दे. हाताला येतंय ना? मग काळजी बसेल बाजूला."

लाभपाचमीला मिलच्या फाटकाला आसोपालवाच्या पानांचं तोरण होतं. ऑफिसात कुंदनभाई पांढऱ्या झब्ब्यात, हेमराजभाई टोपी घालून, बाहेर टेम्पोवाला झेंडूची माळ बांधून तयार. मुहूर्ताला कुंदनभाईंनी मेन स्विच वर केला. दिवे लागले. दगाबाबाने कॉम्प्युटरला आणि प्रिंटरला कुंकवाने साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, समोर समई लावली, नारळ फोडला. मग सगळ्यांनी सोनालीकडे बघितलं.

तिने ड्रॉवरमधली फ्लॉपी काढली. पहिला हुकूम टाइप केला. प्रिंटरचा हिरवा दिवा लुकलुकला. चौकट धाडली. दिवा पुन्हा लुकलुकला.

"माय, परसाद," दगाबाबा म्हणाला.

प्रसाद कोण नाकारतं? तिने कीबोर्डवरचा उजवा हात काढून पुढे केला, पेढ्याचा तुकडा घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला, हात रुमालाला पुसला. पुन्हा बसली. शेवटचा हुकूम टाइप केला, विसरू नकोस. आणि मुहूर्ताचं पहिलं चलन धाडलं.

हिरवा दिवा लुकलुकला आणि शांत झाला. कागद आला नाही.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून बघितला. हेमराजभाई टोपी सारखी करत म्हणाले, "बेन, शुं थयुं? काय झालं?"

सोनालीने प्रिंटरकडे बघितलं. तो गप्प होता, आज्ञाधारक होता, काहीतरी ऐकायची वाट बघत होता. आणि तिला पाटी छातीशी धरून बसलेली सुषमा आठवली. का दिऊ? तू थांब म्हनीच नही.

पेढा. पेढ्याच्या वेळी थांब म्हणायचं राहिलं होतं. चलन आत गेलं होतं, चौकटीच्या पोटात, पुष्पाबाईंसारखं. तिला एकदम हसू आलं आणि हसू आलं तशी छाती मोकळी झाली.

"कुंदनभाई, माझी एक पायरी चुकली," ती म्हणाली. "प्रिंटर एकदा बंद करून परत चालू करावा लागेल. मग निघेल."

"मुहूर्तमां बंध?" हेमराजभाई अर्धवट उठले. "ना, ना, बेन. पहिल्याच दिवशी चालू केलेलं बंद नाही करत."

कुंदनभाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांनाही ते आवडलेलं नव्हतं, हे दिसत होतं. सोनालीने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. जबरदस्तीने करायची ही गोष्ट नव्हती.

"काका," ती म्हणाली, "चूक झालेलं तसंच ठेवलं, तर हे पहिलं चलन वर्षभर प्रत्येक कागदावर छापून येईल."

हेमराजभाई विचारात पडले. तेवढ्यात दगाबाबाने समईपुढे वाकून वात थोडी पुढे ओढली. ज्योत मोठी झाली.

"दिवा चालू शे ना?" तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "मंग मुहूर्त चालू शे."

कुंदनभाई हसले. हेमराजभाईंनी समईकडे बघितलं, मग सोनालीकडे, आणि खाली बसले. "चाल दीकरी. कर."

तिने बटण दाबलं. दगाबाबाने तळवा वातीच्या आडोशाला धरला, वारा नसतानाही. पुन्हा बटण. प्रिंटर गुरगुरला, तापला, तयार झाला. लक्षात ठेव. चौकट. थांब. हे तिने ओठांनी म्हटलंसुद्धा. विसरू नकोस. आणि मग चलन.

कागद आला. वर मिलचं नाव, खाली चौकट, चौकटीत पार्टीचं नाव, आकडा, नंबर, सगळं आपापल्या जागी. कागद अजून गरम होता. कुंदनभाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला, निरखून बघितला आणि हेमराजभाईंपुढे धरला.

हेमराजभाईंनी चष्मा चढवला. रेघ न् रेघ तपासली. मग त्यांचं बोट वरच्या कडेशी थांबलं. तिथे नावाच्या वर थोडी जागा मोकळी होती.

"आ जगा कोरी केम?"

"तुमच्यासाठी," सोनाली म्हणाली. "जुन्या पुस्तकांत बघितलंय मी, तुम्ही दर वर्षी पहिल्या चलनावर लाल शाईने श्री लिहिता. ते मी चौकटीत नाही घातलं."

हेमराजभाईंनी खिशातलं लाल पेन काढलं. श्री लिहिताना त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. टेम्पो निघाला, माळ हेलकावत फाटकाबाहेर गेला.

"सोनालीबेन, हवे पक्कुं, जागा पक्की," कुंदनभाई जाता जाता म्हणाले, जणू चहा सांगत होते. "पण तुम्ही रजेवर असाल आणि लाइट गेली तर?"

"हेमराजकाका घालतील चौकट," ती म्हणाली.

"मी?" हेमराजभाई दचकले. "मला नाही येत ते!"

"बघितलं ना आत्ता?"

"बघितलं. पण बघितलं म्हणजे..."

"तेच तर," सोनाली म्हणाली. तिने एक कोरा कागद घेतला, त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन्सिल हातात दिली. "काका, तुम्ही प्रिंटर. मी सांगेन तेवढंच करायचं. आणि दगाबाबा, तुम्ही लाइट."

दगाबाबाला खेळ माहीत नव्हता. तिने तो समजावला तसे त्याचे डोळे चमकले. हेमराजभाई आधी लाजले, इकडेतिकडे बघितलं, मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बोल. पहिलां शुं?"

"लक्षात ठेवा. चौकट, उभी रेघ..."

त्यांनी जपून रेघ ओढली, दुसरी ओढली, तिसरी अर्ध्यावर आली.

"लाइट गयी!" दगाबाबा ओरडला.

हेमराजभाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून रोखून बघितलं आणि रबर शोधायला ड्रॉवर उघडला.